आधी पगाराचा आकडा, मग अर्ज

नोकरीच्या व्यवहारात पहिल्यांदा दोन कागद एकमेकांसमोर येतात. एक उमेदवाराचा रेझ्युमे आणि दुसरी नोकरी देणाऱ्याची जाहिरात. रेझ्युमेत उमेदवार स्वतःविषयी जवळजवळ सगळे सांगून टाकतो. नाव, वडिलांचे नाव, जन्मतारीख, पत्ता, दहावीपासूनचे गुण, मध्ये एखादे वर्ष वाया गेले असेल तर ते का गेले, आधीची नोकरी का सोडली, सध्या पगार किती मिळतो, आणि कित्येक अर्जांत विवाहित की अविवाहित हेसुद्धा त्यात असते. जाहिरातीत मात्र नोकरी देणारा कामाच्या अपेक्षांची भली मोठी यादी देतो, आणि ज्या एका गोष्टीसाठी माणूस नोकरी शोधतो तिच्याबद्दल ‘आकर्षक पगार’, ‘पगार अनुभवानुसार’, ‘पगार समक्ष भेटीत’ एवढेच लिहून मोकळा होतो. नोकऱ्यांच्या संकेतस्थळांवर तर पगाराच्या रकान्यात ‘जाहीर केलेला नाही’ असे लिहिण्याची सोयच करून ठेवलेली आहे, पण त्याच संकेतस्थळावर उमेदवाराला खाते उघडताना स्वतःचा सध्याचा पगार भरावा लागतो.

ही असमानता सवयीची झाल्यामुळे आपल्याला खटकत नाही. ती खटकली पाहिजे आणि ती कायद्याने दूर झाली पाहिजे, असे माझे म्हणणे आहे. ठरावीक आकारापेक्षा मोठ्या प्रत्येक आस्थापनेने नोकरीच्या जाहिरातीत पगाराची किमान आणि कमाल रक्कम छापणे बंधनकारक असावे, आणि उमेदवाराला त्याचा मागचा पगार विचारण्यास मनाई असावी. रेझ्युमे कसा लिहावा आणि मुलाखतीला कसे सामोरे जावे याचे शिक्षण आपल्याकडे आता महाविद्यालयांपासून खासगी शिकवण्यांपर्यंत सर्वत्र मिळते. त्या सगळ्या शिक्षणाचा रोख उमेदवाराला सुधारण्यावर आहे. समोरच्या बाजूनेही काही देणे लागते, हा विचार त्यात जवळजवळ नाही.

सरकारी भरतीत ही गोष्ट आपण वर्षानुवर्षे पाहत आलो आहोत. तलाठी भरतीच्या जाहिरातीत २५,५०० ते ८१,१०० रुपये अशी वेतनश्रेणी छापलेली असते, पोलीस शिपायासाठी २१,७०० ते ६९,१०० आणि पोलीस उपनिरीक्षकासाठी ३८,६०० ते १,२२,८००. त्यावर महागाई भत्ता आणि इतर भत्ते मिळतील, हेही लिहिलेले असते. अर्ज करणाऱ्या मुलाला, आणि त्याच्यासाठी शेतातल्या उत्पन्नातून पैसे पाठवणाऱ्या त्याच्या वडिलांना, पहिल्या महिन्यात काय मिळेल आणि वीस वर्षांनी कुठवर पोहोचता येईल हे अर्ज भरण्याआधीच कळते. २०२३ साली तलाठ्यांच्या ४,६४४ पदांची जाहिरात निघाली तेव्हा दहा लाखांहून अधिक अर्ज आले. पुण्यातल्या सदाशिव पेठेतल्या अभ्यासिकांमध्ये वर्षानुवर्षे बसलेल्या मुलांना आपण सरकारी नोकरीच्या वेडाबद्दल बोल लावतो. सुरक्षितता, प्रतिष्ठा, निवृत्तिवेतनाची आशा ही कारणे खरी आहेतच. पण सरकारी जाहिरात ही बहुतेक तरुणांच्या पाहण्यातली पगार सांगणारी एकमेव जाहिरात असते, या कारणाकडे फारसे कोणी लक्ष दिलेले नाही. खासगी क्षेत्रातली एखादी नोकरी तलाठ्याच्या नोकरीपेक्षा चांगला पगार देणारी असली, तरी ते मुलाला कळण्याचा मार्गच नसेल, तर त्याने दोन्हींची तुलना कशाच्या आधारावर करायची?

पगार उशिरा कळण्याची किंमत उमेदवार मोजतो, आणि ती सगळ्यांना सारखी पडत नाही. पुण्यात राहणारा मुलगा हिंजवडीला मुलाखत देऊन संध्याकाळी घरी परततो. नांदेडहून किंवा बुलढाण्याहून येणारी मुलगी रात्रभर बसचा प्रवास करते, कुणा नातेवाइकाकडे किंवा मैत्रिणीच्या खोलीवर उतरते, दिवस घालवते आणि पुन्हा रात्रीची बस धरते. आधी लेखी चाचणी, मग तांत्रिक फेरी, मग व्यवस्थापकाची भेट, आणि सर्वांत शेवटी एचआरची, म्हणजे मनुष्यबळ विभागाची, फेरी असा क्रम असतो. पगाराचा आकडा या शेवटच्या फेरीत येतो. तो पंधरा हजार निघाला, तर कॉट बेसिसवरची, म्हणजे एका खाटेपुरती, जागा आणि खानावळ यांतच सात-आठ हजार जाणाऱ्या शहरात तिने तो घ्यावा की परतावे, हा निर्णय तिला दमलेल्या अवस्थेत आणि तिथल्या तिथे घ्यायचा असतो. नाही म्हटले तर प्रवास, रजा आणि खर्च फुकट गेले. म्हणून पुष्कळजण हो म्हणतात. नोकरी देणाऱ्याला हे चांगले ठाऊक असते. ज्याची गुंतवणूक अधिक झाली आहे त्याला नकार देणे अवघड जाते, आणि पगार शेवटपर्यंत झाकून ठेवण्याचा फायदा नेमका इथेच होतो.

महाविद्यालयातल्या मुलांकडून मुलाखतीची तयारी करून घेताना एका प्रश्नापाशी माझी नेहमी अडचण होते. ‘तुमची पगाराची अपेक्षा किती?’ या प्रश्नावर काय सांगावे, असे मुले विचारतात. रूढ सल्ला असा की, आकडा आपण होऊन सांगू नये. ‘कंपनीच्या धोरणानुसार जे योग्य असेल ते’ असे म्हणावे, किंवा प्रश्न हळूच परतवावा. हा सल्ला व्यवहारात उपयोगी आहे, हे मी नाकारत नाही. पण तो देताना आपण मुलांना काय शिकवतो याचा विचार केला पाहिजे. ज्या कामाचा मोबदला समोरच्याने आधीच अंदाजपत्रकात धरून ठेवलेला आहे, त्याचा आकडा एकवीस वर्षांच्या मुलाने अंधारात चाचपडत ओळखायचा. कमी सांगितला तर तो तेवढ्यावरच अडकणार आणि जास्त सांगितला तर यादीतून नाव जाणार. ज्याचा मोठा भाऊ, काका किंवा शेजारी त्याच क्षेत्रात आहे, त्याला चालू दर माहीत असतो. जो घराण्यातला पहिलाच पदवीधर आहे, त्याला तो माहीत नसतो. गुणवत्तेच्या नावाने चाललेली परीक्षा या टप्प्यावर ओळखीपाळखीची परीक्षा होऊन जाते.

आकडा सांगितला गेला तरी तो कोणता आकडा, हा पुढचा प्रश्न आहे. आपल्याकडे तो बहुतेक वेळा ‘सीटीसी’ म्हणून, म्हणजे कर्मचाऱ्यावर कंपनीचा होणारा एकूण खर्च म्हणून, वर्षाचा आणि लाखांत सांगितला जातो. उदाहरणादाखल वर्षाला ३,६०,००० रुपयांचे पॅकेज घेऊ. महिन्याला ३०,००० होतात, आणि घरी फोन करून मुलगा तेवढेच सांगतो. प्रत्यक्षात मूळ वेतन १५,००० धरले, तर भविष्य निर्वाह निधीतला कंपनीचा १२ टक्के वाटा, म्हणजे १,८०० रुपये, याच तीस हजारांत मोजलेला असतो. ग्रॅच्युइटीपोटी, म्हणजे नोकरी सोडताना एकरकमी मिळणाऱ्या रकमेपोटी, मूळ वेतनाच्या ४.८१ टक्के, म्हणजे सुमारे ७२० रुपये, त्यातच असतात, आणि कायम नोकरीत ती साधारणपणे सलग पाच वर्षे झाल्याशिवाय हाती येत नाही. कामगिरीवर अवलंबून असलेला भाग दहा टक्के धरला तर ३,००० गेले, गटविम्याचा हप्ता ५०० धरला तर तेही गेले. उरलेल्या २३,९८० रुपयांतून कर्मचाऱ्याच्या स्वतःच्या वाट्याचे १,८०० निधीसाठी आणि, तो पुरुष असेल तर, २०० रुपये व्यवसाय कर कापला जातो. हातात पडतात सुमारे २२,०००. या वजावटींपैकी एकही बेकायदेशीर नाही, आणि निधीत साठणारे पैसे कर्मचाऱ्याचेच आहेत. तरीही तीस हजारांच्या भरवशावर भाड्याचे घर ठरवणाऱ्या किंवा शैक्षणिक कर्जाचा हप्ता धरणाऱ्या माणसाच्या दृष्टीने हा फरक महिन्याला आठ हजारांचा आहे, आणि तो त्याला पहिली पगाराची स्लिप हातात आल्यावर कळतो.

घरांच्या बाजारात आपण हीच गोष्ट भोगली आणि मग मोडून काढली. ‘सुपर बिल्ट-अप’ क्षेत्रफळाच्या नावाखाली जिना, लॉबी आणि गच्चीचा वाटा ग्राहकाच्या माथी मारला जायचा, आणि राहायला गेल्यावर खोल्या लहान निघायच्या. २०१६ च्या स्थावर संपदा कायद्याने चटई क्षेत्राची, म्हणजे घरातल्या प्रत्यक्ष वापराच्या जागेची, व्याख्या केली आणि विक्री त्याच मापाने करायला लावली. २०१७ पासून या कायद्याखालचे राज्याचे नियामक प्राधिकरण महारेरा कामाला लागले, आणि आज प्रकल्पाच्या जाहिरातीवर महारेराचा नोंदणी क्रमांक आणि क्यूआर कोड नसेल तर विकासकाला दंड होतो. त्या वेळीही बांधकाम व्यवसाय कोलमडेल, जाहिराती बंद पडतील, असे बोलले गेले होते. तसे काही झाले नाही. घर माणूस आयुष्यात एकदा, फार तर दोनदा घेतो, आणि त्या घराचा हप्ता तो नोकरीच्या पगारातून फेडतो. घराची जाहिरात खरी असावी म्हणून आपण कायदा केला, तर नोकरीच्या जाहिरातीला त्याहून कमी कसोटी का लावावी?

सर्वांत जास्त नुकसान मात्र, माझ्या मते, मागच्या पगाराच्या प्रश्नाने होते. नोकरी बदलताना ‘सध्याचा पगार किती’ आणि ‘शेवटच्या तीन महिन्यांच्या स्लिप जोडा’ ही मागणी आपल्याकडे इतकी रुळली आहे की, ती करणाऱ्यालाही तिच्यात काही वावगे वाटत नाही. नवा पगार मग जुन्यावर वीस-तीस टक्के वाढ धरून ठरवला जातो. याचा अर्थ असा की, पहिला पगार कोणत्या परिस्थितीत स्वीकारला गेला त्याची छाया पुढच्या सगळ्या नोकऱ्यांवर पडत राहते. घरची गरज म्हणून २०,००० वर रुजू झालेला एकजण आणि त्याच कुवतीचा पण थांबू शकला म्हणून ३०,००० वर रुजू झालेला दुसरा, असे दोघे समजा. तीन वेळा नोकरी बदलताना दोघांनाही प्रत्येक वेळी सारखीच तीस टक्के वाढ मिळाली, तर पहिला ४३,९४० वर पोहोचतो आणि दुसरा ६५,९१० वर. दहा हजारांची दरी जवळपास बावीस हजारांची झाली, आणि मधल्या काळात दोघांच्या कामात काही फरक होता म्हणून ती वाढली असे नाही. बाळंतपणासाठी किंवा घरातल्या आजारपणासाठी दोन-तीन वर्षे थांबलेल्या बाईला तर मागचा पगार विचारणे म्हणजे ती थांबली तेव्हाचा जुना दर आज लावणे होय. गावाकडच्या लहान कारखान्यातून चाकणला किंवा वाळूजला येणाऱ्या फिटरचेही तसेच होते. त्याचे कौशल्य नव्या कामाच्या मापाने तोलले गेले पाहिजे. गावात त्याला काय मिळत होते, याचा नव्या यंत्रावर तो जे काम करणार आहे त्याच्याशी संबंध नाही.

समान कामाला समान वेतन हे तत्त्व संविधानाच्या अनुच्छेद ३९(घ) मध्ये आहे. १९७६ च्या समान वेतन कायद्याने स्त्री-पुरुषांमध्ये वेतनात आणि भरतीतही भेद करण्यास मनाई केली, आणि ती मनाई आता २०१९ च्या वेतन संहितेत आलेली आहे. पण शेजारच्या टेबलावर बसणाऱ्या सहकाऱ्याला किती मिळते हे जिला माहीतच नाही, ती स्त्री भेदभाव झाल्याची तक्रार कशी करणार? पगार झाकलेला असतो तिथे या कायद्याचा आधार घेणेच अशक्य होते. किमान वेतनाचेही तसेच आहे. जाहिरातीत आकडा छापावा लागला, तर त्या भागाला लागू असलेल्या किमान वेतनापेक्षा कमी देणारी जाहिरात कोणाच्याही डोळ्यांना दिसेल. आज ती ‘पगार समक्ष’ या दोन शब्दांमागे सुखाने लपून राहते.

हा विचार परदेशातून आयात केलेला आहे, असे कोणी म्हणू नये. १९४५ मध्ये युद्धावरून परतणाऱ्या सैनिकांच्या पुनर्वसनासाठी देशभर सेवायोजन कार्यालयांची यंत्रणा उभी राहिली, तेव्हा व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूर खाते डॉ. बाबासाहेब आंबेडकरांकडे होते. १९४८ पासून ही कार्यालये सर्वच बेरोजगारांसाठी खुली झाली आणि १९५६ च्या नोव्हेंबरात त्यांचा रोजचा कारभार राज्यांकडे आला. पुढे १९५९ मध्ये संसदेने रिक्त पदे कळवणे सक्तीचे करणारा कायदा केला. सरकारी आस्थापना आणि २५ किंवा अधिक माणसे कामावर असलेल्या खासगी आस्थापनांनी आपल्याकडची रिक्त पदे सेवायोजन कार्यालयाला कळवावीत, असे त्यात ठरले. त्याखाली १९६० मध्ये जे नियम झाले, त्यांत पदाविषयी कोणकोणती माहिती द्यायची ते सांगितले होते: कामाचे स्वरूप, लागणारी पात्रता, पदांची संख्या, कामाचे ठिकाण, मुलाखतीचा तपशील, आणि वेतन व भत्ते. म्हणजे रिक्त पदाबरोबर त्याचा पगारही आधी सांगायचा असतो, हे या देशाने पासष्ट वर्षांपूर्वीच मान्य केले होते.

तो कायदा पुढे निष्प्रभ का झाला, याची कारणे त्याच्यातच होती. पद कळवले तरी त्या कार्यालयामार्फतच माणूस घेण्याचे बंधन नव्हते, म्हणून कळवणे ही एक कागदी औपचारिकता झाली. न कळवल्यास पहिल्या गुन्ह्याला जास्तीत जास्त ५०० रुपये दंड आणि पुढच्या प्रत्येक गुन्ह्याला १,०००. हा दंड काळाबरोबर कधी वाढला नाही. शिवाय माहिती जायची ती कार्यालयाच्या फायलीत. वर्तमानपत्रात किंवा कारखान्याच्या फाटकावरच्या फलकावर जी जाहिरात उमेदवार प्रत्यक्ष वाचत होता, तिला हा नियम लागूच नव्हता. आता हा कायदा २०२० च्या सामाजिक सुरक्षा संहितेत विलीन झाला आहे, आणि ही संहिता २१ नोव्हेंबर २०२५ पासून अमलात आली आहे. जुन्या सेवायोजन कार्यालयांची जागा संहितेत करिअर सेंटरांनी घेतली आहे. कामगार हा विषय समवर्ती सूचीत, म्हणजे केंद्र आणि राज्य या दोघांनाही कायदा करता येणाऱ्या विषयांत, असल्याने राज्यालाही इथे पाऊल उचलता येते. ज्या महाराष्ट्राने १९६९ मध्ये माथाडी कामगारांसाठी कायदा केला आणि रोजगार हमीला १९७७ मध्ये कायद्याचे रूप दिले, त्याने या बाबतीत दिल्लीची वाट पाहत बसण्याचे कारण नाही.

इतर देशांचा अनुभव बोधप्रद आहे, तो यश आणि अडचणी या दोन्हींसाठी. ऑस्ट्रियात २०११ पासून नोकरीच्या जाहिरातीत किमान वेतन लिहावे लागते. अमेरिकेत कोलोरॅडो राज्याने २०२१ पासून, न्यूयॉर्क शहराने नोव्हेंबर २०२२ पासून आणि कॅलिफोर्नियाने जानेवारी २०२३ पासून पगाराची किमान-कमाल मर्यादा छापणे बंधनकारक केले. मॅसॅच्युसेट्समध्ये जुलै २०१८ पासून नोकरी देण्याचा प्रस्ताव ठरण्याआधी उमेदवाराचा मागचा पगार विचारता येत नाही. युरोपीय संघाने २०२३ मध्ये याबाबत निर्देश काढला: पगाराची बोलणी माहितीच्या आधारावर व्हावीत म्हणून पगार आधी, उदाहरणार्थ जाहिरातीत किंवा मुलाखतीपूर्वी, सांगितला पाहिजे आणि मागचा पगार विचारता येणार नाही, असे त्यात आहे, आणि सदस्य देशांना त्यानुसार आपापले कायदे करण्यासाठी ७ जून २०२६ ही मुदत दिली गेली. पळवाटाही निघाल्या. न्यूयॉर्कमध्ये काही कंपन्यांनी इतक्या रुंद मर्यादा छापल्या की त्यांतून काहीच बोध होऊ नये. कोलोरॅडोचा नियम लागू झाल्यावर काहींनी घरून करण्याच्या नोकऱ्यांसाठी त्या राज्यातल्या लोकांनी अर्ज करू नये, असेच जाहिरातीत लिहिले. म्हणून आपल्याकडे नियम करताना कमाल रक्कम किमान रकमेच्या दीडपटीहून जास्त असू नये असे बंधन घालावे लागेल, आणि रक्कम मासिक, निश्चित मिळणारी आणि कामगिरीवर अवलंबून असलेला भाग वेगळा दाखवणारी असावी लागेल. त्याच ओळीत नोकरी कंपनीची की ठेकेदाराची, आणि बॉण्ड, म्हणजे ठरावीक काळ नोकरी न सोडण्याचा करार, आहे का, हेही आले पाहिजे. औद्योगिक वसाहतींत कंपनीच्या नावाने मुलाखतीला बोलावून नेमणुकीचे पत्र ठेकेदाराचे हाती देण्याचे प्रकार सर्रास होतात. पगाराइतकीच ही माहितीही आधी कळण्याची गोष्ट आहे.

या मागणीवर होणाऱ्या आक्षेपांपैकी दोन मला गंभीर वाटतात. पहिला लहान उद्योजकांचा. त्यांचे म्हणणे असे की, मोठ्या कंपनीने आकडा छापला की आमच्याकडे कोणी फिरकणार नाही. या चिंतेत तथ्य आहे, म्हणूनच वीस-पंचवीस माणसांपेक्षा लहान आस्थापनांना सुरुवातीला वगळावे, असे मी म्हणतो. पण मोठ्यांनी आकडा झाकल्याने लहानांचा खरोखर फायदा होतो का, हेही तपासले पाहिजे. लहान कारखान्यात माणूस येतो, तीन महिन्यांत काम शिकतो आणि दोन हजार जास्त मिळतात हे कळल्यावर निघून जातो. आधीच कळले असते, तर जो राहणार होता तोच आला असता. भरती आणि प्रशिक्षण यांवर झालेला खर्च लहान उद्योजकाला मोठ्यापेक्षा जास्त जड जातो.

दुसरा आक्षेप एचआर विभागांचा, आणि तो सहसा उघडपणे बोलला जात नाही: नव्या माणसाचा पगार छापला की जुने कर्मचारी विचारू लागतील. होय, ते विचारतील. सात वर्षे काम केलेल्या माणसाला नव्याने येणाऱ्यापेक्षा कमी मिळत असेल, तर त्याने विचारलेच पाहिजे. या आक्षेपात एक कबुली दडलेली आहे की, आजची पगाररचना उजेडात टिकणारी नाही. ती दुरुस्त करायला वेळ लागेल, आणि तो वेळ कायद्याने द्यावा. नियम जाहीर झाल्यापासून अमलात येईपर्यंत वर्षभराचा अवधी रास्त आहे. मात्र अन्याय दिसेल या भीतीने तो झाकून ठेवण्याची मुभा देणे हे कायद्याचे काम नव्हे.

पगार ही खासगी बाब आहे, असेही म्हटले जाते. एखाद्या व्यक्तीला प्रत्यक्ष किती मिळते, ही त्या व्यक्तीची खासगी बाब जरूर आहे. अजून कोणीही न भरलेल्या पदाचा पगार ही कोणाचीही खासगी बाब नाही. आणि लग्नाच्या बायोडेटात मुलाचा पगार छापणाऱ्या, स्थळ पाहायला गेल्यावर तो सर्वांसमक्ष विचारणाऱ्या आपल्या समाजात पगाराविषयी बोलणे मुळातच असभ्य मानले जाते, असेही नाही. ते असभ्य ठरते फक्त नोकरी मागणाऱ्याने विचारले तर. मुलाखतीत पगाराबद्दल आधी विचारणारा मुलगा ‘पैशाच्या मागे लागलेला’ म्हणून गणला जातो, हे मी अनेकदा पाहिले आहे, आणि प्रत्येक वेळी मला त्याचे वाईट वाटते, कारण त्या मुलाच्या घरी त्या पैशाची खरोखरच वाट पाहिली जात असते.

अंमलबजावणीची यंत्रणा कुठून आणायची, असा प्रश्न उरतो. कामगार खात्यातल्या निरीक्षकांवर हे सोडून चालणार नाही. त्यांच्याकडे आहे तेच काम भरपूर आहे. पण जाहिराती आता मोजक्याच ठिकाणी प्रसिद्ध होतात. नोकऱ्यांच्या संकेतस्थळांवर पगाराचा रकाना रिकामा ठेवून जाहिरात पुढेच सरकू नये, एवढी तांत्रिक व्यवस्था करण्याची जबाबदारी त्या संकेतस्थळांवरच टाकली, तर निम्म्याहून अधिक काम निरीक्षकाशिवाय होईल. आणि कायदा होईपर्यंतही राज्याच्या हातात बरेच काही आहे. जिल्ह्याजिल्ह्यांत सरकारच्या कौशल्य विकास विभागातर्फे रोजगार मेळावे भरतात; त्यांत टेबल मांडणाऱ्या प्रत्येक कंपनीने पदासमोर मासिक पगार लिहिलाच पाहिजे, अशी अट विभागाला एका परिपत्रकाने घालता येईल. राज्य सरकारच्याच महास्वयम् या रोजगारविषयक संकेतस्थळावरच्या जाहिरातींनाही तीच अट लावता येईल. जमीन, वीज आणि करांत सवलती घेणाऱ्या उद्योगांवर स्थानिकांना नोकऱ्या देण्याची अट राज्य आधीपासून घालतेच. त्या नोकऱ्यांचा पगार जाहीर करण्याची अट तिच्या शेजारी बसायला काहीच हरकत नाही.

महाविद्यालयांचे तर याहून सोपे आहे, आणि त्यांच्याकडून माझी अपेक्षाही अधिक आहे. कंपनी आवारात येते ती महाविद्यालयाच्या निमंत्रणावर. प्रवेशाच्या हंगामात फाटकावर ‘सर्वोच्च पॅकेज’चा फलक लागतो, त्यावर एका विद्यार्थ्याचा आकडा असतो, आणि उरलेल्या दोनशे विद्यार्थ्यांना काय मिळाले ते कुठेच लिहिलेले नसते. राष्ट्रीय मानांकनासाठी हीच महाविद्यालये विद्यार्थ्यांच्या पगाराचा मध्यक, म्हणजे क्रमाने मांडल्यावर मधोमध येणारा आकडा, केंद्राला कळवतात, म्हणजे माहिती त्यांच्याकडे असते. प्लेसमेंट विभागाने एवढे ठरवावे की, दरमहा हातात किती पडेल, बदलता भाग किती आणि बॉण्ड किती वर्षांचा हे लेखी दिल्याशिवाय कोणत्याही कंपनीची चाचणी आवारात होणार नाही, आणि तो कागद चाचणीच्या आठवडाभर आधी सूचना फलकावर लागेल. काही कंपन्या येणार नाहीत. ज्या येतील, त्यांच्यासमोर बसणारी मुले कोणत्या नोकरीसाठी रेझ्युमे पाठवायचा आणि कोणत्या नोकरीसाठी नाही, हे घरच्यांशी बोलून, हिशेब मांडून ठरवून आलेली असतील.